गिरणी, लूम, डीपीचा आवाज गोळा झालाय, पण गुंगी चढत नाही. सुरुवातीच्या इंडस्ट्रियल संगीताचा तो काळोखा फेरा बांधायचा कसा?

सरकीपेंड (जळगाव)

नमस्कार मंडळी. थ्रॉबिंग ग्रिसल, कॅबरे व्होल्तेर, एसपीके या इंडस्ट्रियल बँडांच्या १९७७ ते १९८१ च्या काळातल्या रेकॉर्डवर एक खास गोष्ट ऐकू येते. फारसं काही घडत नाही, चाल म्हणावी अशी चाल नसते, तरी कान सुटत नाही. मला तसं बांधायचं आहे, पण आपल्याकडच्या आवाजांतून.

जमलेला माल असा: जिनिंगमधल्या डबल रोलरचा आवाज, धुळ्याच्या एका साध्या पॉवरलूमचा आवाज, लोखंडी कुलर, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याची फटफट आणि कुंपणाबाहेरून घेतलेली डीपीची घरघर. हत्यारं: फोन, लॅपटॉपवर ऑडॅसिटी (ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर), दोन खणांचा जुना कॅसेट डेक, काही सी-६० कॅसेटी. सिंथेसायझर नाही.

सगळं एकावर एक ठेवलं की नऊ ट्रॅक होतात आणि ऐकू येतो तो नुसता गोंगाट. डिस्टॉर्शन वाढवलं तर आणखीच चपटं होतं. शिवाय पिएझोची चकती (कंपनं पकडून त्यांची वीज करणारी) थेट लॅपटॉपला जोडून यंत्राचा आवाज घ्यायला गेलं तर तो पत्र्यासारखा पातळ येतो, बूड उरतच नाही. नेमकं कुठे अडतंय?

यार्डापलीकडे (भुसावळ)

आधी नऊचे तीन करा. या संगीतात गोंगाट भरपूर वाटतो, पण एका वेळी वाजणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. थ्रॉबिंग ग्रिसलमध्ये माणसं चार आणि प्रत्येकाचं काम वेगळं: एकाकडे आवाज आणि बास, एकीच्या हाती गिटार आणि कॉर्नेट, एकाकडे टेप, एकाकडे सिंथ आणि ठेका. कुणीही दुसऱ्याच्या जागेत फार वेळ बसत नाही.

तुमच्या मालाला तीन कामं वाटून द्या. पहिलं खर्ज: डीपी किंवा कुलर, जो कधीच थांबत नाही. दुसरं फेरा: लूम किंवा जिनिंगचा पाच-सहा सेकंदांचा तुकडा, जो फिरत राहतो. तिसरा आगंतुक: मिनिटा-दीड मिनिटातून एकदा येऊन जाणारा आवाज, गिरणीच्या पट्ट्याचा एक फटका किंवा शंटिंगचा धक्का. बाकीचे सहा ट्रॅक बंद ठेवा, फेकू नका.

आता गुंगीबद्दल. आपल्या कानाला समेची सवय आहे. आवर्तन संपलं, सम आली, मान हलली, की मन मोकळं होतं. इथे नेमकी ती मोकळीक द्यायची नसते. दोन फेरे घ्या, एक ५.० सेकंदांचा आणि दुसरा ५.३ सेकंदांचा. पहिल्याचे ५३ फेरे आणि दुसऱ्याचे ५० फेरे झाले की दोघे एका ठिकाणी येतात, म्हणजे २६५ सेकंदांनी, ४ मिनिटं २५ सेकंदांनी. तोवर प्रत्येक फेऱ्यात त्यांचं नातं ०.३ सेकंदाने सरकतं. ऐकणाऱ्याला काहीतरी बदलतंय हे जाणवतं, पण काय ते बोट ठेवून सांगता येत नाही. युक्ती इंडस्ट्रियलवाल्यांच्याही आधीची आहे. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइख यांनी १९६५ मध्ये दोन टेपयंत्रं सोबत सोडून हेच केलं होतं.

दुसरं, बदल इतका सावकाश ठेवा की तो पकडता येऊ नये. खर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर ४०० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्याच्या वरचं कापणारा), दुसरीवर १२०० हर्ट्झचा. मग एन्व्हलप टूलने (पातळी हळूहळू बदलण्याची सोय) पहिलीवरून दुसरीवर पाच-सहा मिनिटांत सरका. तीस सेकंदांत तेच केलं तर फिल्टर फिरवल्याचं कळतं आणि सगळं हातचं जातं.

तिसरं, डिस्टॉर्शन सगळ्यावर एकदम लावू नका. तीन आवाजांची बेरीज डिस्टॉर्शनमधून गेली की त्यांच्या वारंवारितांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवीन आवाज तयार होतात, आणि त्यांचं मूळ आवाजांशी काही जमत नाही. तुम्हाला ऐकू येणारा चपटेपणा तोच. एकट्या फेऱ्याला लावा, आणि तेही आधी १२० हर्ट्झच्या खालचं कापून.

निळा_सोल्डर (जळगाव)

पिएझोचं उत्तर माझ्याकडून. चकतीत दोष नाही, जोडणीत आहे.

२७ मिमीच्या साध्या चकतीची कपॅसिटन्स साधारण २० नॅनोफॅरड असते. ती आणि पुढच्या यंत्राचा इनपुट रोध मिळून आपोआप हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचं कापणारा, होतो. लॅपटॉपच्या माइक इनपुटचा रोध २ किलोओहम धरला तर कट साधारण ४००० हर्ट्झला पडतो. म्हणजे यंत्राचं सगळं बूड गेलं आणि वरचा चरचराट तेवढा राहिला. १० किलोओहम असेल तर ८०० हर्ट्झ, तरी वाईटच. १ मेगाओहम मिळाला की कट ८ हर्ट्झवर जातो आणि सगळं आत येतं. म्हणून मध्ये बफर, म्हणजे चकतीला मोठा रोध दाखवणारं छोटं सर्किट, लागतो.

सामान गोलाणी मार्केटच्या आसपास मिळून जातं: टीएल०७२ आयसी आणि ८ पिनांचा सॉकेट, ९ व्होल्टची बॅटरी आणि क्लिप, १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर, १ मेगाओहमचा एक, १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, १०० नॅनोफॅरडचा एक, १एन४१४८ डायोड दोन, शील्डवाली केबल.

जोडणी: पिन ८ ला बॅटरीचा प्लस, पिन ४ ला मायनस, तोच ग्राउंड. १०० नॅनोफॅरड पिन ८ आणि ४ मध्ये, आयसीला खेटून. दोन १०० किलोओहम मालिकेत प्लस ते ग्राउंड. त्यांच्या मधल्या बिंदूला साडेचार व्होल्ट येतात, तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. त्या मधल्या बिंदूपासून पिन ३ ला १ मेगाओहम. पिएझोची मधली पांढरी बाजू पिन ३ ला, पितळी कडा ग्राउंडला. पिन १ आणि २ एकत्र. पिन १ वरून दुसऱ्या १० मायक्रोफॅरडमधून आउटपुट, कपॅसिटरचा प्लस आयसीच्या बाजूला. उरलेला अर्धा आयसी मोकळा सोडू नका: पिन ५ मधल्या बिंदूला, पिन ६ आणि ७ एकत्र. मोकळा सोडला तर तो स्वतःच थरथरतो आणि शिट्टी घुसते.

दोन डायोड पिन ३ वरून: एक प्लसकडे, एक ग्राउंडकडून, दोन्ही उलट्या दिशेने, म्हणजे एरवी बंद राहतील असे. जड यंत्रावर चकतीला धक्का बसला तर ती कित्येक व्होल्ट देते आणि आयसीचं इनपुट जाऊ शकतं.

आउटपुट लाइन-इनला जात असेल तर तसाच द्या. यूएसबी साउंडकार्डला फक्त माइक-इन असेल तर १० किलोओहम मालिकेत आणि मग २२० ओहम ग्राउंडला. पातळी सुमारे ४६ पट खाली येते आणि क्लिपिंग थांबतं.

बिघडतं कुठे ते सांगतो. पांढऱ्या भागावरचा चांदीचा थर पातळ असतो, सोल्डरिंगची इस्त्री दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवली की थर सुटतो आणि चकती मेली. पितळी बाजू थेट यंत्राच्या लोखंडाला चिकटवू नका, मध्ये इन्सुलेशन टेप हवी. नाहीतर यंत्राचं अर्थिंग आणि लॅपटॉपचं चार्जर मिळून हम येतो. रेकॉर्डिंग करताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवा. चकती सपाट जागी, दुहेरी टेपने दाबून लावा. अर्धी अधांतरी राहिली तर खुळखुळा ऐकू येतो. जागा स्थिर चौकटीवरची निवडा. बेअरिंगच्या डोक्यावर, पट्ट्याजवळ, फिरत्या शाफ्टजवळ वायर जाता कामा नये. जिनिंगमध्ये तंतू उडत असतात, तिथे इस्त्री काढायचीच नाही, सगळं सोल्डरिंग घरून करून जा.

लूमवाला_धुळे

यार्डभाऊंचं तीन कामांचं पटतं, पण एका बाबतीत वेगळं मत. दोन फेरे सरकत ठेवणं पुरेसं नाही. लूमचा ठेका मुळात माणसाच्या चालीजवळचा आहे. साधा पॉवरलूम मिनिटाला साधारण १२० ते १६० फटके मारतो. तो जसाच्या तसा ठेवला तर पाय हलतो, गुंगी येत नाही. त्याचा वेग अर्धा करा. ऑडॅसिटीत स्पीड बदलायचा, नुसता टेम्पो नाही. १४० चे ७० होतात, सूर एक सप्तक खाली येतो, शटलचा फटका घणासारखा जड होतो. शेफिल्ड हे पोलादाचं गाव, कॅबरे व्होल्तेर तिथले. यंत्राचा जडपणा म्हणजे काय ते त्यांच्या सुरुवातीच्या टेपांत ऐका.

यासाठी मूळ ध्वनिमुद्रण चांगलं हवं. अर्ध्या वेगात १० किलोहर्ट्झच्या वर काही उरत नाही. फोनवर घ्यायचं असेल तर ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही, आणि आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची तसंच गोंगाट काढण्याची सोय बंद. ती चालू असेल तर फोन लूमच्या सततच्या आवाजालाच गोंगाट समजून दाबतो आणि फटक्यांमध्ये भोकं पडतात.

आता थरथर. थ्रॉबिंग ग्रिसलचा खास आवाज ज्यातून आला ती पेटी म्हणजे ग्रिसलायझर. १९७५ मध्ये प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स मासिकात रॉय ग्विन यांचं गिटार-इफेक्टचं सर्किट छापून आलं होतं, ते घेऊन बँडमधल्या ख्रिस कार्टर यांनी पेट्या बांधल्या. आत एक मंद दोलक आहे आणि तो आवाजाची पातळी किंवा फिल्टर वरखाली करतो. बस्स. गिटार असो, गळा असो, कॉर्नेट असो, त्यातून गेलं की धडधडायला लागतं.

ऑडॅसिटीत ट्रेमोलो आहे, तो घ्या. तरंगाचा आकार चौकोनी किंवा करवती, प्रमाण ८०-९० टक्के. मूळ वेगाचे १४० फटके म्हणजे सेकंदाला २.३३. त्याची तिप्पट ७ हर्ट्झ. नेमकी ७ ठेवली तर सगळं कुलूप लागल्यासारखं जागच्या जागी बसतं आणि मेलेलं वाटतं. ६.९ ठेवा. दर १० सेकंदांनी थरथर आणि फटका जुळतात आणि पुन्हा निसटतात.

इको लावताना एक फटका ४२९ मिलीसेकंद धरा आणि त्याचा पाऊण, ३२१ मिलीसेकंद, ही वेळ द्या. घट ०.५. पण इको वेगळ्या प्रतीवर करा आणि त्या प्रतीला २५०० हर्ट्झचा लो-पास द्या. टेप-इकोत वरचा भाग प्रत्येक परताव्यात झिजत जातो. आवाज खोल गेल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. स्वच्छ डिजिटल इको इथे फार उपरा लागतो.

तापीकाठ_७ (अमळनेर)

डीपीच्या घरघरीबद्दल कुणी बोललं नाही आणि तुमच्याकडची सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे.

वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा पत्रा प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एकदा ताणला जातो, म्हणून कानाला १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटी ऐकू येतात. पेटीच्या भाषेत पांढरी पाच ९८ हर्ट्झला येते. म्हणजे डीपी पांढरी पाचच्या जरा वर, सुमारे ३५ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट), सुरात न बसलेली. ऑर्गन, बासुरी, गळा काहीही सोबत घ्यायचं असेल तर ते डीपीला जुळवा, डीपीला त्यांच्याशी जुळवू नका. सगळा प्रदेश जो सूर रात्रंदिवस ऐकतो तो हा आहे, त्यात बदल केला की ओळख जाते.

शिवाय हा सूर स्थिरही नसतो. आपल्या ग्रिडची वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असा नियम आहे, म्हणजे ती हलत असते. दुपारी आणि मध्यरात्री पाच-पाच मिनिटं वेगळी मुद्रित करा आणि दोन्ही एकावर एक ठेवा. फरक पाव हर्ट्झ निघाला तर दर चार सेकंदांनी पातळी फुगेल आणि ओसरेल. असा श्वास दोन ऑसिलेटर जवळजवळ जुळवूनही आणतात, इथे तो आयता मिळतो. फरक फारच कमी असेल तर एका प्रतीचा वेग ०.२ टक्के बदला, १०० चे १०० पूर्णांक २ होतात आणि पाच सेकंदांचा श्वास मिळतो.

डीपीच्या जवळ मात्र जायचं नाही. कुंपणाबाहेरून माइकने जेवढं येतं तेवढं पुरे. घरात हवं असेल तर जुन्या पट्टीच्या ट्यूबलाइटची लोखंडी चोक असते, तिच्या पत्र्याच्या पेटीवर बाहेरून पिएझो चिकटवा. तोच १०० हर्ट्झ, आणि डीपीपेक्षा धोका कमी. फक्त पेटी उघडायची नाही.

आणखी एक. फोनच्या स्पीकरवर १०० हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाही. खर्जाला थोडंसं सॅच्युरेशन, म्हणजे हलकं डिस्टॉर्शन, दिलं की ३००, ४००, ५०० हर्ट्झच्या पटी उठतात आणि कान त्यांच्यावरून खालचा सूर स्वतः भरून काढतो. यार्डभाऊ म्हणाले तसं सगळ्यावर डिस्टॉर्शन नको, पण खर्जावर इतकं चालतं.

सरकीपेंड (जळगाव)

खूप उपयोगी. बफर बांधायला घेतोय. दोन शंका. एक, कॅसेट डेकचा यात काही उपयोग आहे का, की सगळं ऑडॅसिटीतच करावं? दोन, भुसावळच्या यार्डाचा आवाज कुठून घ्यावा? रुळांची ती खटक-खटक फेऱ्यासाठी हवी होती.

यार्डापलीकडे (भुसावळ)

दुसऱ्याचं आधी. परवानगीशिवाय यार्डात, रुळावर जायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे आणि जीवाचा धोका त्याहून मोठा. वरणगावच्या आणि इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या भिंतीजवळ तर रेकॉर्डर काढूच नका. फाटकाच्या बाहेर उभं राहून भरपूर मिळतं.

खटक-खटक मात्र मुख्य मार्गावर आता सापडणं कठीण. रूळ लांबच्या लांब वेल्ड केलेले आहेत, सांधेच नाहीत. सांधे उरलेत ते सांधेबदलाच्या काट्यांवर आणि साइडिंगच्या जुन्या रुळांवर. जिथे मालगाडी सावकाश काट्यावरून जाते असं फाटक शोधा. उदाहरणार्थ, जुन्या आयसीएफ पद्धतीच्या प्रवासी डब्याच्या एका बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चारचाकी चौकटीच्या, पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २.९ मीटर अंतर असतं. गाडी ताशी ३६ किलोमीटरने गेली तर एका सांध्यावर दोन फटके ०.२९ सेकंदाच्या अंतराने पडतात. वेग वाढला की अंतर घटतं, म्हणून गाडी वेग घेत असतानाचा तुकडा फेऱ्याला चालत नाही, एकसारख्या वेगाचाच घ्या.

रेल्वेच्या आवाजाची वाट जुनी आहे. फ्रान्सच्या पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्थानकातल्या इंजिनांचे आवाज रेकॉर्ड करून त्यांची रचना बांधली, म्यूझिक काँक्रेटची, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांतून बांधलेल्या संगीताची, सुरुवात तिथली. आणि कॅबरे व्होल्तेरचे ख्रिस वॉटसन १९८१ मध्ये बाहेर पडले, पुढे निसर्गाचे ध्वनिमुद्रक झाले आणि २०११ मध्ये मेक्सिकोच्या रेल्वेवर अख्खा अल्बम काढला. जवळचं उदाहरण हवं तर अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला होता. तिथल्या १९६९ ते १९७२ च्या टेपा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्यात. इंडस्ट्रियल नव्हे, पण आपल्या शेजारी इतक्या आधी काय चाललं होतं ते जरूर ऐका.

निळा_सोल्डर (जळगाव)

डेकचा उपयोग आहे, आणि मोठा आहे. कॅसेटचा फेरा करा.

कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेमी. पाच सेकंदांचा फेरा म्हणजे २३.८ सेमी टेप. नेमकी लांबी त्या कॅसेटच्या कवचावर ठरते, म्हणून आधी शिवणाचा दोरा टेपच्या वाटेने फिरवून मोजा: पुढचे दोन कोपऱ्यांतले रोलर, मागून दोन्ही चकत्यांच्या बाहेरून. चकत्या काढून टाकू नका. त्या फिरल्या नाहीत तर बऱ्याच डेकचा ऑटो-स्टॉप पडतो.

कवच पाच स्क्रूंचं घ्या, चिकटवलेलं उघडताना फुटतं. टेप सी-६० ची. सी-९० ची पातळ असते, सुरकुतते. आतले दोन गुळगुळीत कागद परत बसवायचे, ते राहिले की घर्षण वाढून आवाज डोलतो. टेप ४५ अंशांत तिरकी कापा, दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून एकाच कापात, म्हणजे बरोबर जुळतात. सांधा हेडला लागणाऱ्या बाजूला नाही, मागच्या बाजूला, आणि स्प्लायसिंग टेपनेच. साध्या चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो, जळगावच्या मे महिन्यात तर नक्कीच, आणि हेडला टेप चिकटते. पट्टी टेपच्या ३.८ मिमी रुंदीबाहेर केसभरही येता कामा नये.

फेरा ताठ झाला तर सूर खाली-वर होतो, सैल झाला तर कॅप्स्टनभोवती (टेप ओढणारा दांडा) गुंडाळला जातो. बोटाने मध्ये दाबल्यावर दोन-तीन मिमी खाली जाईल इतकी ढील ठेवा. हेड आणि कॅप्स्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. जुन्या टेपचा तपकिरी भुगा दर थोड्या वेळाने जमतोच.

मग लूम एका फेऱ्यावर, जिनिंग दुसऱ्यावर, दोन वेगळ्या डेकमध्ये. दुसरा डेक कुणाकडून तरी मिळवा, कारण दोन खणांच्या डेकमध्ये बहुधा एकच मोटर दोन्ही फिरवते आणि दोन खण स्वतंत्र ऐकूही येत नाहीत. वेगवेगळ्या डेकच्या वेगात एखादा टक्का फरक असतोच. ५.०० आणि ५.०५ सेकंद धरले तर प्रत्येक फेऱ्यात ५० मिलीसेकंद सरकतं आणि पुन्हा जुळायला ५०५ सेकंद, साडेआठ मिनिटांच्या आसपास लागतात. यार्डभाऊंचा हिशेब इथे हाताने न करता होतो. आणि तो अगदी नियमितही नसतो, कारण मोटर तापली की वेग किंचित बदलतो. कॉम्प्युटरमध्ये हा बदल मुद्दाम घालावा लागतो.

लूमवाला_धुळे

डेकबद्दल सहमत. फक्त टेपवर चढवताना लूमचा फटका मीटरच्या शून्यावर नेऊ नका. शटलचा फटका इतका अचानक येतो की सुईला तो पूर्ण दिसतच नाही. सुई उणे ६ च्या आसपास ठेवली तरी टेप खरोखरच्या शिखरावर आधीच दबलेली असते, आणि तेवढं दबणं छान लागतं. त्यापुढे फटका मऊ होऊन कापडावर मारल्यासारखा होतो.

सरकीपेंड (जळगाव)

माझा लूम १४० चाच आहे का ते कसं ठरवायचं? त्यावर इकोची आणि ट्रेमोलोची सगळी गणितं अवलंबून आहेत.

लूमवाला_धुळे

ऑडॅसिटीत लहरीवर झूम करा. एका फटक्याच्या शिखरापासून पुढचे २० फटके मोजा आणि तेवढा भाग निवडा. खाली कालावधी दिसतो. ८.५७ सेकंद आले तर १४०. १० सेकंद आले तर १२०, मग इको ३७५ मिलीसेकंद आणि ट्रेमोलो नेमका ६ न ठेवता ५.९. सूताचा ताण आणि मोटरचा पट्टा यांमुळे एकाच लूमचा वेगही दिवसभरात थोडा हलतो, म्हणून मोजणी ज्या तुकड्याचा फेरा करणार आहात त्याच तुकड्यावर करा.